रुमालाखालचा हात

गौराक्का, तुला फसवलं ते तालमीच्या अध्यक्षांनी, बापूसाहेबांनी. तालमीच्या दारात, मारुतीच्या समोर, तुझ्या हातावर हात मारून त्यांनी शब्द दिला आणि तो मोडला. मोडला एवढंच नाही, दिलाच नव्हता असं पोलीस चौकीत सांगितलं. हे मी आधी लिहून टाकतो, कारण परवा तुझ्या शोकसभेत एवढं सोडून बाकी सगळं बोललं गेलं.

शोकसभा तुला आवडली असती. हसून हसून पोट दुखलं असतं तुझं. कोपऱ्यावर, जिथं तू म्हशी पिळायला बसायचीस तिथंच, फ्लेक्स लावलाय. वर तुझा फोटो, कुणाच्या तरी लग्नातला कापून घेतलेला, शेजारच्या बाईचं अर्धं कोपर अजून त्यात आहे. खाली हात जोडलेले बापूसाहेब. त्यांच्या खाली गॉगल लावलेली मंडळाची पोरं, सगळी दुःखात. तुझ्या तोंडापेक्षा बापूसाहेबांच्या चष्म्याची काच मोठी आहे. बापूसाहेब माईकवर म्हणाले, "पेठेच्या लेकीबाळींचा आधार गेला. अक्कांच्या प्रत्येक कामात तालीम त्यांच्या पाठीशी उभी होती." हे खरं आहे. पाठीमागंच उभी होती. समोर यायची हिंमत कुणात होती?

मी उठलो. दोन शब्द बोलतो म्हटलं. माईक धरलेल्या पोरानं बापूसाहेबांकडं बघितलं, बापूसाहेबांनी घड्याळाकडं. "हेडी, आज नको," कुणीतरी माझा शर्ट ओढत म्हणालं, "आजचा दिवस तसला न्हाई." मग कसला होता? म्हणून हे लिहितोय. माईक त्यांचा आहे, कागद माझा.

मी हेडी, म्हणजे म्हशींचा व्यापारी. बापाची जमीन नव्हती, शाळा नव्हती. दुसऱ्याच्या म्हशी पन्हाळ्याच्या बाजूनं बाजारापर्यंत पायी हाकत आणायचो, तिथून आज स्वतःचा टेम्पो आहे. आमच्या धंद्याचं नाव चांगलं नाही. म्हातारी म्हैस आम्ही तरणी करतो, आटलेली दुभती करतो, असं लोक म्हणतात. म्हणू देत. पण आमच्या बाजारात एक गोष्ट आहे जी ह्या पेठेत नाही. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून आम्ही भाव ठरवतो. आजूबाजूला शंभर माणसं असली तरी आत काय ठरलं ते दोघांनाच ठाऊक. आणि आत जे ठरलं ते बाहेर येऊन कुणी नाकारत नाही. नाकारणारा दुसऱ्या दिवशी बाजारात उभा राहू शकत नाही. तोंडानं आम्ही वाटेल ते बोलतो, अक्का. हातानं खोटं बोलत नाही.

तुझी-माझी ओळख त्याच रुमालाखालची. तुझा नवरा वारल्यावर पहिल्यांदा तू एकटी बाजारात आलीस. इरकली लुगडं, कपाळाला विभूती, आणि बघणं असं की म्हशीच्या आधी मालकाचे दात मोजतेस. मंगी म्हशीभोवती तू फिरलीस, कास बघितलीस, शेपूट ओढलीस.

"पावणं, लाथ मारती का ही?"

"छ्या. देवाची गाय हाय, अक्का."

"मला म्हैस पायजे. गाय असंल तर नको."

लोक हसले. मी चिडलो. रुमाल काढला आणि तुझ्याबरोबरच्या दिराकडं हात केला. तू त्याला बाजूला सारून स्वतःचा हात आत घातलास. बाजारात बाईनं रुमालाखाली हात घातलेला मी तोवर बघितला नव्हता. कुणीतरी खाकरलं, कुणीतरी शिट्टी घातली. तू बोटं अशी दाबलीस की भाव राहिला बाजूला, माझी अंगठी चेमटली.

पुढच्या बाजारात परत आलीस. आल्या आल्या मोठ्यानं, "पावणं, तुमची देवाची गाय माझं दात पाडत हुती." नेम असा आहे की खोड निघाली तर जनावर खुंट्याला परत, विकणाऱ्यानं तोंड न उघडता घ्यायचं. मी म्हटलं, आण परत. तू म्हणालीस, "परत कोण देतंय? मला ती तशीच पायजे. पर खोड लपवल्याचं काय ते कमी करा की." आणि केलंस कमी. विकून झालेल्या मालाचा भाव माझ्याकडून पुन्हा पाडून घेणारी तू एकटी. देवाच्या गाईनं लाथ मारू नये असं कुठं ठरलंय, हे मी तुला नंतर इतकी वर्षं ऐकवत राहिलो आणि तू मला खोटारडा म्हणत राहिलीस. तो वाद काही मिटला नाही. मिटवायची घाई दोघांनाही नव्हती.

लाथ मारणारी म्हैस तुला कशाला हवी होती, ते मला उशिरा कळलं.

कोपऱ्यावर तू सकाळ-संध्याकाळ गिऱ्हाइकासमोर म्हशी पिळायचीस. बायका चरव्या घेऊन रांगेत उभ्या. "दूध आणायला जाते" म्हटल्यावर कुठलीही सासू अडवत नाही, कारण चहा तिलाही लागतो. ज्या घरातून सुनेला देवळात जायची परवानगी नव्हती त्या घरातली सूनही दुधाला यायची. तू म्हशीच्या कुशीला डोकं टेकून, वर न बघता, धारेच्या आवाजात बोलायचीस. कुणाच्या ओठाला काय झालंय, कुणी पदर असा का घेतलाय, हे तुला न बघता कळायचं. आणि जी बाई चरवी न घेता यायची, तिला तू काहीच विचारायची नाहीस. मानेनं गोठा दाखवायचीस. बस, एवढंच. पाटी नव्हती, संस्था नव्हती, उद्घाटनाला कुणी आलं नव्हतं. गोठ्याच्या माळ्यावर वैरण, वैरणीवर घोंगडं, आणि खाली दारात आडवी बांधलेली मंगी.

आमच्या पेठेतल्या मर्दांचं शौर्य शेणापाशी संपतं. कडक इस्त्रीची पँट घालून नवरे यायचे, दारातून शिव्या द्यायचे, आत पाऊल टाकायचं धाडस होत नसे. गडमुडशिंगीच्या एकानं केलं. भावांना घेऊन जीपनं आला, मिशीला पीळ देत आत शिरला. मंगीनं त्याची नडगी मोडली. दवाखान्यात त्यानं सांगितलं, जिन्यावरून पडलो. त्याची बायकोही प्रत्येक वेळी तिथं तेच सांगायची. डॉक्टरला वाटलं असेल ह्यांच्या घराचा जिनाच वाईट.

त्या दिवशी आपण चहा पीत हसलो. हसण्यासारखं तेवढंच होतं.

बाकी तुझ्या वाट्याला काय आलं ते त्या फ्लेक्सवर नाही. तू पोरी विकतेस अशी आवई उठली. उठवणारे तेच, जे पहाटे तुझंच दूध प्यायचे. दुधात पाणी घालतेस म्हणून तक्रार गेली, तपासनीस आला, त्याला पाणी सापडलं नाही म्हणून तो तक्रारदारांइतकाच नाराज झाला. तुझी वैरणीची गंजी भर दुपारी पेटली आणि तालमीतली एवढी व्यायाम केलेली पोरं, एकाच्याही हातात बादली आली नाही. तुझा सख्खा भाऊ भाऊबीजेला यायचा थांबला. महादेवचं, तुझ्या पोराचं, जमलेलं लग्न मोडलं.

तेव्हा मी तुला बोललो होतो. "अक्का, दुसऱ्याच्या घरात कशाला पडतीस?"

"मी कुठं पडते? त्या येत्यात."

"पोराचं लगीन मोडलं तुझ्यापायी."

तू बादली विसळत होतीस. म्हणालीस, "मोडलं ते बरं झालं. त्या घरात दोन सुना मार खात्यात. तसल्या घरची सोयरीक मला नको."

"सगळ्या गावाची खबर हाय तुला. सोताची सोड की काय ती."

"माझं काय? मला कोण मारतंय आता?"

'आता' म्हणालीस. मी पुढं विचारलं नाही. तुझा नवरा पेठेत सज्जन माणूस म्हणून ओळखला जायचा. मी विषय बदलला आणि सरकीचा भाव काढला. तू मात्र माझ्याकडं बघत राहिलीस, बोट दाबून भाव सांगावा तशी. मी तो हात धरला नाही. ते तसंच राहिलं.

मग सविता आली. बापूसाहेबांचा भाचा संजय, त्याची बायको. माहेर कुरुंदवाडकडचं, बाप नाही, आई दुसऱ्याच्या शेतात जाणारी. म्हणजे विचारायला येणारं मागं कुणी नाही, हे बघूनच केलेली. चरवी न घेता आली. पोरगी बोलायची कमी, पण तुझ्या शेजारी बसून बसून पिळायला शिकली. आणि नवल म्हणजे मंगीनं तिला हात लावू दिला. मला नाही दिला, तुझ्या दिराला नाही, महादेवला नाही. तू तेव्हा जे बोललीस ते मी बाजारात अजून सांगतो: "मारणाऱ्याच्या हाताला म्हैस दूध देत न्हाय. बाईमाणसाला तेवढी बी सोय न्हाय बघ, पावणं."

बापूसाहेबांचा निरोप आला. पेठेची अब्रू आहे, तालमीत बसून मिटवू. तू मला म्हणालीस, "तुमी चला संगं. सौदा हाय, हेडी पायजे." वकीलबाईंनाही घेतलंस. त्या कोर्टातल्या, पातळ आवाजाच्या, पण हट्टी. तालमीत बाईनं शिरायचं नाही म्हणून तुम्ही दोघी पायरीवर उभ्या, सविता तुमच्या मागं. बापूसाहेब आत खुर्चीवर, संजय त्यांच्या मागं मान खाली घालून, लाल मातीत पायाच्या अंगठ्यानं रेघा काढत. मारणारे चारचौघांत फार नम्र असतात.

बापूसाहेबांनी सुरुवात केली. नवरा-बायकोत भांडण असतंच. पोर तापट आहे, पण मनाचा चांगला. मी समजावलंय. तू सगळं ऐकून घेतलंस.

"सविताला जायचं हाय का, ते तिला इचारलंय मी," तू म्हणालीस. "ती म्हणती एक डाव जाऊन बघते. मी नको म्हणणारी कोण? पर बापूसाहेब, बाजारचा नेम लावते. खोड निघाली तर खुंट्याला परत. त्यानं हात उगारला आन् पोरगी माझ्याकडं आली, की कोण दार वाजवायचं न्हाय. तुमचा भाचा न्हाय, तुमची पोरं न्हाय, पोलीस न्हाय."

वकीलबाई हळूच म्हणाल्या, "अक्का, ती काय जनावर आहे का?"

"न्हाय. म्हणून तर म्हणते, जनावराएवढी तरी सोय लागू दे तिची."

वकीलबाईंनी स्टँपपेपर काढला. बापूसाहेब असे हसले की जणू कुणी तालमीत पाळणा आणलाय. "वकीलबाई, आमच्या पेठेत कागद चालत न्हाई. शब्द चालतो."

तू वकीलबाईंचा कागद खाली केलास आणि हात पुढं धरलास. "मारा हातावर हात."

बापूसाहेब उठून दारापर्यंत आले आणि थबकले. इकडं तिकडं बघितलं. "परस्त्रीच्या हातावर हात कसा मारू? बरं दिसत न्हाई ते. हेडी, रुमाल टाक की तुझा."

मी टाकला. मला वाटलं, माणूस मर्यादा पाळतोय. माझ्या रुमालाखाली त्यांनी तुझ्या हातावर हात मारला. आवाज मी ऐकला. वकीलबाईंनी ऐकला. मारुतीनं ऐकला. तू समाधानानं माझ्याकडं बघितलंस, कारण रुमालाखाली पडलेला हात म्हणजे काय, हे तुला बाजारानं शिकवलं होतं. तुला एकच ठाऊक नव्हतं, आणि मलाही नव्हतं. आम्ही रुमाल टाकतो तो बाहेरच्यांनी बघू नये म्हणून. त्यांनी टाकायला लावला तो पुढं नाकारता यावं म्हणून. आम्हाला लबाड म्हणणारी ही माणसं, अक्का. आम्ही तर त्यांच्यापुढं दुधपितं पारडू.

पावसाळा सरायच्या आत सविता परत आली. डावा हात ओढणीत बांधलेला, एका डोळ्यानं दिसत नव्हतं. चरवी नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे, तू पहिल्या म्हशीखाली बादली ठेवतेस न ठेवतेस तोच हवालदार आला. अक्का, साहेबांनी बोलावलंय. सविताला फूस लावून पळवलीस, तिचे दागिने लाटलेस, अशी संजयची तक्रार. तू म्हणालीस, पिळून येते. तो म्हणाला, आधी चला. चौकीत तुला बाकावर बसवलं. चौकशी काही नाही. नुसतं बसवलं. संध्याकाळची धारही टळल्यावर, रात्री उशिरा सोडलं; तोवर ठणकणाऱ्या कासेला म्हशी तुलाही हात लावू देईनात. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

शहरातल्या वाचकाला ह्यात काय विशेष वाटायचं नाही. बाकावर बसवलं, मारलं नाही, शिवी दिली नाही. पण ज्यानं ही युक्ती सांगितली तो म्हशी पाळणाऱ्या घरात वाढलेला होता. धार चुकली की कास भरते, ताठते, दुखते, मग दगडासारखी होते. म्हैस ओरडते. तुझ्या म्हशी ओरडायला लागल्या तेव्हा अख्खी पेठ ऐकत होती. आणि माळ्यावर सविता ऐकत होती. तुझ्याशिवाय फक्त तिच्या हाताला म्हशी पान्हा सोडायच्या, महादेवच्याही नाही, हे त्यांना माहीत होतं. ती खाली उतरून कोपऱ्यावर आली की तिला उचलायला संजय समोरच्या पानपट्टीवर उभाच होता. तुझ्याच म्हशींचं आमिष केलं होतं. सापळा लावणारे वाघाला लावतात. ह्यांनी हात मोडलेल्या पोरीला लावला.

मी चौकीत गेलो. फौजदार, बापूसाहेब, दोन मंडळवाले चहा पीत होते. तू बाकावर, ताठ. मी फौजदाराला सांगितलं, मी साक्षीदार आहे, बापूसाहेबांनी हातावर हात मारलाय, पोरगी परत आली तर दार वाजवायचं नाही असं ठरलंय. माझ्यासमोर, माझ्या रुमालाखाली.

बापूसाहेब कपात बघत म्हणाले, "रुमालाखाली काय झालं ते कुणी बघितलं?"

"मी ऐकलंय."

"हेडी, तुझ्या साक्षीवर म्हैस तरी कोण घेतंय का रं?"

चौकी हसली. फौजदार हसला, हवालदार हसला, चहावाला हसला. वकीलबाई बाहेर अर्ज लिहीत होत्या, त्यांनाही आवाज गेला असणार. आयुष्यात मला पुष्कळ हसलेत, मी त्याचा भाव लावून वसूल केलाय. हे हसणं मात्र अजून माझ्या अंगावर आहे. देवळात जाणारा, तालमीचा अध्यक्ष, धडधडीत हात नाकारतो, आणि खोटा ठरतो तो हेडी.

तू बाकावरून म्हणालीस, "पावणं, म्हशी बघा. पोरीला खाली उतरू देऊ नका. कासा फुटल्या तर फुटू देत."

मी तुझ्या घरी गेलो, दोरीवरचं तुझं इरकली लुगडं काढलं आणि अंगाला गुंडाळलं. बुजऱ्या म्हशीला मालकिणीच्या वासानं फसवायची ही जुनी रीत आहे. डोक्यावरून पदर घेऊन, मिशा झाकून, मी कोपऱ्यावर बसलो. पेठेला नाटक फुकटात मिळालं. "हेडीणबाई, आमाला शेरभर द्या," पानपट्टीवरून एकजण म्हणाला. दोन म्हशी फसल्या, थोडं दूध सोडलं. मंगी फसली नाही. तिनं मला बादलीसकट उडवलं. मी गटारात पडलो, तुझ्या लुगड्यात, आणि समोर तालमीचे पैलवान एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होते. वरती सविता रडत होती. मला उतरू द्या, दादा, म्हणत होती. मी शिडीच काढून घेतली.

मंगी ओरडत राहिली, अक्का. रस्त्यानं शाळेला जाणाऱ्या पोरांनी कानावर हात ठेवले. पण पेठेतल्या एकाही कर्त्या माणसानं चौकीत जाऊन एवढं म्हटलं नाही, की बाईला धार काढण्यापुरती तरी सोडा. ह्या गावात म्हशीच्या दुधावर कुस्त्या होतात. त्या दुधानं अंग वाढलं, बाकी काही वाढलं नाही.

शेवटी मी टेम्पो गोठ्याला लावला, तीन रेडकं आणि त्यांच्या मधे सविता, वर गोणपाट. पानपट्टीसमोरून निघालो. संजयनं आत डोकावून बघितलं, शेणाच्या वासानं नाक धरलं आणि मागं झाला. पोरगी सरळ कोर्टात वकीलबाईंसमोर उतरली, अंगाला शेण, केसात वैरण. आपल्या तोंडानं सांगितलं, मला कुणी पळवलं नाही, मी पळाले. दागिने सासूकडं आहेत. तिथून ती कुरुंदवाडला मावशीकडं गेली. माझ्या टेम्पोच्या काचा त्याच आठवड्यात फुटल्या. नव्या बसवल्या, त्यात काय.

तिच्या जबानीवर तुला सोडलं ते सोडलंच. तू घरी आलीस, मंगीच्या कासेला हात लावलास. गरम पाण्यानं शेकत बसलीस. चारातली दोन सडं आटून गेली ती गेलीच.

"पोरगी पोचली न्हवं?"

"पोचली."

"मग झालं."

काय झालं? मी ओरडलो तुझ्यावर. दोन सडाच्या म्हशीला मी बाजारात काय म्हणून उभी करू? तू म्हणालीस, "देवाची गाय म्हणून करा की." त्यावर मला हसू आलं, आणि मग मी गोठ्याच्या मागं शेकायचं पाणी तापवायला गेलो.

त्यानंतर ती मोटरसायकल. तू कॅन घेऊन रस्त्याच्या कडेनं चालली होतीस आणि रस्ता मोकळा होता. ज्यानं घातली त्यानं मागं वळूनही बघितलं नाही. गाडी कुणाची, हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पंचनाम्यात ती अनोळखी झाली. तुझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा पुन्हा वळला नाही. अंगठा वळला नाही की धार निघत नाही. एवढी साधी गोष्ट. कुणी तुझा जीव घेतला नाही, तुझा अंगठा घेतला. म्हशी एकेक करून मीच विकल्या. भाव चांगला काढला, हे तूही कबूल केलंस. मंगीला तू विकू दिली नाहीस. कोपऱ्यावर पिशवीच्या दुधाचं दुकान आलं. तरी चरवी न घेता बायका यायच्याच. तुझ्या मानेला काही झालं नव्हतं. ती गोठ्याकडं वळायची.

पुढं बायकांसाठी नवा कायदा आला. वकीलबाईंनी तुला वाचून दाखवला. घरातून हाकलायचं नाही, संरक्षण द्यायचं, सगळं चांगलं. तू शेवटपर्यंत ऐकलंस आणि विचारलंस, "आन् दार उघडणारीचं काय लिवलंय?" वकीलबाईंनी पानं मागं-पुढं केली. तू म्हणालीस, "ऱ्हाऊ द्या. हुडकून हुडकून डोळं दुखतील."

आता आपला दुसरा वाद. तू म्हणायचीस, फायद्यात गेलं सगळं. मी म्हणायचो, तोट्यात. मी हिशेबाचा माणूस, मला तुझा व्यवहार कधी पटला नाही. शोकसभेच्या आधी तुला तुमच्या रिवाजाप्रमाणं बसवून पुरलं. मांडी घातलेली, ताठ, जशी चौकीतल्या बाकावर बसली होतीस तशीच. मला ते बघवलं नाही म्हणून मी मान फिरवली, तर मागं बायका उभ्या होत्या. कुठकुठल्या. एकमेकींना ओळखत नव्हत्या. सगळ्यात मागं सविता. आता ती तिकडं दूध डेअरीत कामाला आहे, चेहरा भरलाय. माती टाकायला पुढं आली, तेव्हा तिच्या हातात रिकामी चरवी होती. ती तिनं तुझ्याजवळ ठेवली. कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. वादात मी हरलो असेन. ते तुझ्या तोंडावर म्हणायला पाहिजे होतं, पण मग तू भाव अजून पाडला असतास.

ही तुझी-माझी गोष्ट झाली. आता बापूसाहेब, तुमच्याशी.

फ्लेक्स तुमच्या पैशाचा, तो तुमचा तुम्ही उतरवा किंवा ठेवा. भाषण मी ऐकलंय. आता दोन दिवसांनी अक्काच्या शिवगणाराधनेचं, म्हणजे तेराव्यासारखं, जेवण आहे, त्याच गोठ्यात. तुम्ही येणार, पहिल्या पंगतीला बसणार, फोटो काढून घेणार. यायच्या आधी तालमीच्या दारात थांबा. मी तिथं पायरीवर बसलेला असेन, जिथं ती उभी होती. सविता असेल, वकीलबाई असतील, चरवी न घेता आलेल्या बाकीच्याही असतील. रुमाल आणणार नाही. उघड्यावर, मारुतीकडं तोंड करून, एका प्रश्नाचं उत्तर द्या. तुम्ही अक्काच्या हातावर हात मारला होता की नव्हता?

नव्हता म्हणायचं असेल तर तसं म्हणा, पण माझ्या हातावर हात मारून म्हणा. आणि होता म्हणायचं असेल, तर मंगीच्या दोन सडांचं, अक्काच्या अंगठ्याचं आणि त्या बाकावरच्या दिवसांचं उत्तर कोण देणार, तेही तिथंच सांगा. मी उठणार नाही.